कार शोमधला न्याय आणि अभिमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या, दुर्मीळ किंवा हौसेनं घडवलेल्या गाड्यांचे शो जिथे भरतात, तिथे निकालानंतर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही रागानं विचारले जातात, काही दबक्या आवाजात. पहिल्यांदा गाडी घेऊन येणारे, वर्षानुवर्षं मैदानावर उभे राहिलेले आणि परीक्षकाचा फॉर्म हातात घेणारे, या सगळ्यांसाठी ही उत्तरं लिहिली आहेत. परीक्षणाबद्दल माझी काही मतं ठाम आहेत. ती जिथे येतील तिथे मत म्हणूनच वाचावीत.

शेजारची गाडी माझ्या गाडीपुढे उघडच डावी होती. तरी तिला पहिलं बक्षीस आणि मला काहीच नाही. हे कसं?

आधी हे पाहा की शो कोणत्या पद्धतीचा होता. परीक्षणाच्या ढोबळ दोन पद्धती आहेत आणि निम्मी भांडणं स्पर्धकाला त्यांतला फरक माहीत नसल्यामुळे होतात.

एका पद्धतीत गाड्यांची तुलना आपसांत होते. वर्गात दहा गाड्या, त्यांतली एक पहिली. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक गाडी ठरलेल्या मानकाशी ताडून पाहतात. अमेरिकेतला अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका (एएसीए) हा १९३५ साली स्थापन झालेला क्लब ४०० गुणांपासून सुरुवात करतो आणि दिसेल त्या दोषासाठी गुण वजा करत जातो. तिथे गाडी ताडली जाते ती कारखान्यातून बाहेर पडतानाच्या तिच्या स्वतःच्या अवस्थेशी. म्हणून एकाच वर्गात चार गाड्या पहिल्या येऊ शकतात आणि एकही न येणं हेही शक्य असतं. कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या हौशींची नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी (एनसीआरएस) हेच करते. एकूण गुणांच्या ९४ टक्के किंवा जास्त मिळाले की ‘टॉप फ्लाइट’ हा सन्मान. बाजूच्याला किती मिळाले, याचा तुमच्या गुणांशी काही संबंध नाही.

मला मानकाची पद्धत जास्त न्याय्य वाटते. तुमचा दोष माझ्या कामाचा नसेल, तर तुमच्या गाडीला हवा असलेला सुटा भाग माझ्याकडे पडून आहे हे सांगायला मला काहीच अडचण नसते. आपसांतल्या तुलनेत हा मोकळेपणा आटतो. शिवाय १९३०च्या दशकातली कोचबिल्डरनं (गाड्यांच्या बॉड्या बनवणाऱ्या कारागिरानं) हातानं घडवलेली बॉडी आणि १९७०च्या दशकातली छोटी हॅचबॅक यांत ‘चांगली कोणती’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तरच नसतं. मात्र ‘आपल्या मूळ रूपाशी जास्त इमान राखणारी कोणती’ याला असतं.

परीक्षक गाडीपाशी मोजकी मिनिटं थांबतात. एवढ्यात त्यांना काय कळणार?

एकट्या माणसाला फार कळणार नाही, म्हणून चांगल्या शोमध्ये काम वाटून घेतात. एकाकडे बाहेरची बाजू, एकाकडे आतली, एकाकडे इंजिन, एकाकडे चेसिस म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, आणि वर एक पथकप्रमुख. याचा फायदा केवळ वेळेचा नाही. वर्गातल्या प्रत्येक गाडीचं इंजिन एकाच माणसानं पाहिलं, तर तो कितीही कडक असला तरी सगळ्यांना सारखाच कडक असतो. हाच न्यायाचा पाया आहे. एका गाडीला कडक आणि दुसरीला सैल परीक्षक आला, की मग गुणांना अर्थ उरत नाही.

सरावलेली नजर ठरावीक जागी जाते. दारं आणि बॉनेटच्या कडांमधली फट सारखी आहे का, काचांवरचा तारखेचा संकेत गाडीच्या वयाशी जुळतो का, होज क्लिप त्या काळातल्या घडणीच्या आहेत का, जिथे कॅडमियमचा मुलामा असायचा तिथे कुणी हौसेनं क्रोम तर चढवलेलं नाही ना, वायरिंगवर कापडी वेष्टण हवं तिथे प्लास्टिकची टेप तर नाही ना. दिवे, हॉर्न, इंडिकेटर चालतात का हेही पाहतात. एक विझलेला इंडिकेटर हा वर्षभराच्या रंगकामापेक्षा लवकर नजरेत भरतो.

एक पथ्य पथकानं पाळायलाच हवं: एका दोषाचे गुण एकदाच कापायचे. कार्ब्युरेटर चुकीचा असेल तर तो इंजिनच्या फॉर्मवर येईल. त्याच कारणासाठी ‘एकूण छाप’ या रकान्यातही कात्री लावली, तर तो अन्याय आहे.

माझी गाडी कारखान्यातून निघाली त्याहून कितीतरी जास्त चकचकीत आहे. मग जास्त गुण का नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त दुखावलेल्या आवाजात येतो, कारण विचारणाऱ्यानं खरंच जिवापाड काम केलेलं असतं.

कारखाना गाड्या विकण्यासाठी बनवत होता. रंगाचा फवारा चेसिसच्या खालच्या भागावर उडायचा, तो पुसायला कुणी थांबायचं नाही. रंगावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीतपणा यायचा. असेंब्ली लाइनवरचे कामगार खडूनं खुणा करायचे, तपासणी झालेल्या बोल्टवर रंगाचा ठिपका द्यायचे. जनरल मोटर्सच्या गाड्यांवर १९५०च्या दशकाच्या शेवटापासून बरीच वर्षं ॲक्रिलिक लॅकर असायचं. त्याची चमक उथळ आणि मऊ असते. त्याच गाडीवर आज आधुनिक क्लिअरकोट चढवला की पाण्यात पाहिल्यासारखी खोल चमक येते. ती सुंदर दिसते, पण ती त्या गाडीची नाही.

म्हणून मूळ रूपाला महत्त्व देणाऱ्या शोमध्ये अशा अति-रिस्टोरेशनला, म्हणजे गाडी मूळपेक्षाही चांगली करून टाकण्याला, जादा गुण मिळत नाहीत, आणि एनसीआरएससारख्या ठिकाणी तर गुण जातात. कारण तिथे कसोटी असते ती त्या कारखान्याच्या नेहमीच्या उत्पादनाची. असमान पडलेला फवाराही तिथे पुन्हा असमानच पाडावा लागतो, आणि तसं मुद्दाम करणं हे गुळगुळीत करण्यापेक्षा अवघड काम आहे.

टायरचं उदाहरण घ्या. १९५०च्या दशकातल्या बहुतेक अमेरिकन गाड्यांवर रेडियल टायर चुकीचा, कारण त्या बायस-प्लाय या जुन्या पद्धतीच्या टायरवर निघाल्या. पण त्याच दशकातल्या लान्चिया ऑरेलियावर मिशेलिनचे रेडियल चुकीचे ठरत नाहीत, ती त्यांच्यासह विकली गेली. म्हणजे ‘जुनी गाडी, तर टायरही जुन्या पद्धतीचा’ असा सरसकट नियम लावणारा परीक्षकही चुकतो. ज्या गाडीचं परीक्षण करायचं, तिचा अभ्यास हवा.

चमक हेच ज्या शोचं माप आहे, अशा शोमध्ये तुमची गाडी खुशाल चमकू द्या. नियमपत्रकात कोणतं माप लिहिलं आहे ते नाव नोंदवण्याआधी वाचा, एवढंच.

फिका रंग, फाटकी सीट, तरी बक्षीस त्या गाडीला? आम्ही एवढा खर्च केला तो उगाच?

उगाच नाही. पण गाडी मूळ अवस्थेत फक्त एकदाच असते. एकदा रंग खरवडला, अपहोल्स्ट्री काढून टाकली, की कामगारानं कशी शिवण घातली होती, रंगाचे थर किती होते, हा पुरावा कायमचा गेला. पुढच्या पिढीतला रिस्टोरर कशाकडे पाहून काम करणार? न बदललेल्या गाडीकडेच. तुमचं उत्तम रिस्टोरेशन अचूक झालं असेल, तर त्यामागेही कुठेतरी अशी एक न बदललेली गाडी कुणीतरी पाहिलेली आहे.

ही जाणीव गेल्या काही दशकांत वाढली. जुन्या वाहनांच्या क्लबांचा जागतिक महासंघ फिवा १९६६ पासून आहे. त्याची तुरीन सनद जतनाला रिस्टोरेशनच्या आधी ठेवते: जे आहे ते टिकवा, टिकत नसेल तेवढंच बदला, आणि बदललेलं ओळखू येऊ द्या. एएसीएनं मूळ भाग राखलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग ठेवला आहे. आणि अमेरिकेतल्या पेबल बीच कॉन्कुर द’एलेगन्स या नामांकित स्पर्धेत २०२४ साली बेस्ट ऑफ शोचा, म्हणजे सर्वोत्तम गाडीचा, मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्सला मिळाला. १९५० पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत जतन वर्गातल्या गाडीनं हा मान मिळवण्याची ती पहिलीच वेळ. झिजलेला काळा रंग अंगावर घेऊन ती गाडी आरशासारख्या गाड्यांच्या रांगेत उभी होती.

एक इशारा मात्र द्यायला हवा. हेळसांड म्हणजे जतन नव्हे. शेडमध्ये पाणी गळत होतं म्हणून आलेला गंज हा इतिहास असेल, पण तो तसाच वाढू देणं हा मालकाचा गुण नाही. आणि रसायनं लावून, रंग घासून मुद्दाम आणलेला जुनाटपणा मूळ म्हणून दाखवणं ही सरळ फसवणूक आहे.

माझ्या गाडीतलं इंजिन मूळचं नाही. हे सांगितलं तर बक्षीस जाईल. सांगू का?

सांगा. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला हाच आहे.

मागणी असलेल्या मॉडेलच्या नकला होतात, कारण साध्या मॉडेलवर तेच पत्रे आणि तीच चिन्हं बसतात. शेव्हरलेची १९६९ सालची कॅमारो झेडएल१ फक्त ६९ बनली, पण त्या वर्षीच्या साध्या कॅमारो लाखोंनी बनल्या. पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ च्या १,५८० गाड्या निघाल्या, आणि त्या काळातल्या साध्या ९११ ला तिचं शेपूट (मागचा स्पॉइलर) आणि दारावरची अक्षरं चढवणं अवघड नाही. पाँटिॲक जीटीओची गोष्ट आणखी नाजूक. १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ हे ल मान्स मॉडेलवरचं पर्यायी पॅकेज होतं, त्यामुळे त्या वर्षांच्या गाडीच्या क्रमांकावरून ती जीटीओ आहे की नाही हे कळतच नाही. १९६६ पासून वेगळं मॉडेल झालं तेव्हा क्रमांक बोलू लागला. आधीच्या दोन वर्षांसाठी कारखान्याच्या नोंदींचे कागद हाच आधार.

इंजिनवरचे क्रमांक पुन्हा ठोकणारेही असतात. जाणकार परीक्षक क्रमांकाच्या पट्टीवरच्या समांतर रेघा पाहतात. ब्लॉकचा, म्हणजे इंजिनच्या ओतीव मुख्य भागाचा, माथा कारखान्यात तासताना त्या उमटतात आणि पुन्हा तासलं की पुसल्या जातात. ब्लॉक ओतल्याची तारीख गाडी बनल्याच्या तारखेआधीची, आणि थोडीच आधीची, असावी लागते. गाडी मार्चमध्ये बनली आणि ब्लॉक जूनमध्ये ओतला, असं कसं होईल? १९६७ पासूनच्या कॉर्व्हेटमध्ये पेट्रोलच्या टाकीवर गाडीच्या जडणघडणीचा कागद चिकटवलेला असायचा. टाकी उतरवली की काही गाड्यांत तो आजही सापडतो. ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूसेनबर्ग या जुन्या अमेरिकन गाड्यांचा ऑबर्न कॉर्ड ड्यूसेनबर्ग क्लब तर गाडीचे मुख्य भाग मूळचे आहेत का, हे तपासून श्रेणीचं प्रमाणपत्र देतो, कारण ड्यूसेनबर्गच्या बॉड्या एका चेसिसवरून दुसऱ्यावर बऱ्याचदा गेल्या आहेत.

यांतलं काहीही लाजिरवाणं नाही. जुन्या गाडीचं इंजिन फुटतं, बदलावं लागतं, तिचं आयुष्य असंच असतं. ‘त्याच वर्षाचं, त्याच प्रकारचं, पण मूळचं नसलेलं इंजिन’ असं फलकावर लिहिलेली गाडी मला आदरानं पाहावीशी वाटते. नक्कल असेल तर ‘ट्रिब्यूट’ (मूळ गाडीच्या सन्मानार्थ केलेली नक्कल) लिहा आणि त्या वर्गात उतरा. खोटं लिहिलं तर नुकसान कुणाचं होतं ते पाहा: खऱ्या गाडीच्या मालकाचं, तुमच्यानंतर ती विकत घेणाऱ्याचं, आणि फलक वाचून शिकणाऱ्या पोराचं. बक्षीस जाईल कदाचित. पण पुढच्या वेळी तुम्ही म्हणाल ते लोक खरं मानतील.

एकानं पैसे देऊन कारागिरांकडून गाडी करून घेतली, मी रात्री जागून स्वतः केली. दोघं एकाच वर्गात का?

हा वाद शोइतकाच जुना आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

गाडीचं परीक्षण करायचं असेल, तर ती कुणी केली हे परीक्षकानं विचारू नये. वेल्डिंग नीट आहे की नाही, हे वेल्डिंगच सांगेल. स्वतःच्या हातानं केलं म्हणून वाकड्या फटीला सवलत द्यायची, तर पुढच्या गाडीच्या मालकानं आजारपणात केलं म्हणून तिलाही द्यावी लागेल. मग मानक उरत नाही. म्हणून मुख्य गुणांत सवलत नसावी, यावर माझी भूमिका पक्की आहे.

पण त्याच वेळी आयोजकांनी ‘मालकानं स्वतः घडवलेली गाडी’ असा वेगळा वर्ग ठेवायला हवा, आणि तो केवळ उत्तेजनार्थ नसावा. बोनटखाली वाकलेली ती माणसं नसती तर ही हौस कधीच संपली असती. ज्या माणसानं ब्रेकच्या नळ्या स्वतः वाकवल्या, आधी दोनदा चुकीच्या वाकवून फेकल्या, त्याला त्या गाडीबद्दल जे माहीत असतं ते धनादेशावर सही करणाऱ्याला माहीत नसतं. तसा वर्ग ठेवला तर कामाचे टप्प्याटप्प्यानं काढलेले फोटो मागा, आणि कोणती कामं बाहेर दिली ते लिहून घ्या. क्रोम आणि इंजिनचं बोअरिंग जवळजवळ सगळेच बाहेर देतात, त्यात गैर काही नाही. सीमा कुठे आहे ते आधी छापलेलं हवं.

आणि ज्यांनी पैसे देऊन करून घेतलं, त्यांना एक विनंती. फलकावर तुमचं नाव आहे. त्याखाली पत्राकाम कुणी केलं, रंग कुणी दिला, सीट कुणी शिवली, हीही नावं येऊ द्या, आणि बक्षीस घ्यायला जाताना त्यांतल्या एखाद्याला सोबत न्या. डेंटर-पेंटरचे हात असलेल्या गाडीवर फक्त मालकाचा फोटो येतो, हे मला आजवर कधीच पटलेलं नाही. तुमचा अभिमान खरा आहे: तुम्ही गाडी शोधली, वाचवली, योग्य माणसं निवडली, मधे हात आखडता घेतला नाही. तो तेवढाच सांगितला तर पुरेसा आहे.

ट्रेलरवरून उतरवलेली गाडी आणि चालवत आलेली गाडी यांना सारखे गुण कसे?

सगळीकडे सारखे नसतात. पेबल बीचमध्ये मुख्य दिवसाआधी रस्त्यावरची फेरी असते, १९९८ पासून. वर्गात दोन गाड्यांचे गुण सारखे झाले, तर फेरी पूर्ण केलेल्या गाडीला झुकतं माप मिळतं. एनसीआरएस गाडी चालवत आणणाऱ्याला अंतरानुसार जादा गुण देते. एएसीएकडे चालवल्या जाणाऱ्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग आहे, जिथे सुरक्षिततेसाठी केलेले छोटे बदल चालतात.

बरोबरी झाल्यावरच फेरी विचारात घेण्याची युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. ती खडीचे डाग मोजत बसत नाही, आणि तरीही गाडी चालायला हवी हे सगळ्यांना बजावते. मात्र जगात मोजक्याच उरलेल्या गाडीचा मालक तिला पावसात रस्त्यावर आणत नसेल, तर त्याला भित्रा म्हणू नका.

मॉडिफाइड, म्हणजे हौसेनं बदललेल्या, गाड्यांना मूळ रूपच नाही. मग तिथे न्याय कशाच्या आधारावर?

कारागिरी, कल्पना आणि एकसंधपणा यांच्या. अमेरिकेतल्या डेट्रॉइट ऑटोरामा या शोमध्ये १९६४ पासून दिला जाणारा रिडलर पुरस्कार हे त्यातलं मोठं नाव. तिथे आठ गाड्या निवडतात आणि त्यांतून एक. अट अशी की गाडी त्याआधी कुठल्याही शोमध्ये दिसलेली नसावी. त्यामुळे आधी चार ठिकाणी गाजलेली गाडी तिथे वजन घेऊन येत नाही.

मॉडिफाइड वर्गात परीक्षकाची आवड सगळ्यात लवकर घुसते. एअर सस्पेन्शन (हवेनं गाडी उंच-खाली करणारी यंत्रणा) न आवडणारा माणूस त्या गाडीला नकळत कमी लेखतो. विचारायचा प्रश्न असा: मालकानं जे करायचं ठरवलं ते नीट साधलं आहे का? खालची नळी वरच्या नळीइतकीच काळजीनं बसवली आहे का? दार उघडल्यावर दिसणारं रंगकाम बाहेरच्याशी जुळतं का? स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो का? सुरक्षिततेच्या बाबतीत मी सवलत देत नाही. गळणारी इंधननळी असलेल्या गाडीला कितीही सुंदर रंग असला तरी ट्रॉफी मिळू नये.

एकच गाडी दरवर्षी जिंकते. बाकीच्यांनी यायचं कशाला?

एएसीएमध्ये गाडीला पायऱ्या चढाव्या लागतात. पहिल्या पायरीचं पहिलं बक्षीस मिळालं की ती वरच्या पायरीवर जाते आणि खालची जागा मोकळी होते. छोट्या शोमध्येही हे सहज करता येतं: मागच्या वर्षीच्या विजेत्याला मानाच्या जागी उभं करा, पण स्पर्धेबाहेर.

‘पीपल्स चॉइस’ला (प्रेक्षकांच्या मतांवरच्या बक्षिसाला) नातेवाईक, मित्र, सगळा क्लब मत द्यायला आणतात. हे चालतं का?

माणसं आणणं चालतं, मतं छापून आणणं नाही. आलेल्या माणसानं मैदान फिरून मत दिलं तर ते त्याचं मत आहे. प्रवेशपत्रासोबत एकच मतपत्रिका, ती द्यायची वेळ दुपारनंतर, आणि स्वतःच्या गाडीला मत नाही, एवढे नियम बरंच काही सावरतात. समाजमाध्यमांवरच्या ‘लाइक’ मोजून बक्षीस देणं मात्र बंद करा. गाडी न पाहिलेल्या माणसाचं मत त्यात येतं.

लोकांचं मत आणि जाणकारांचं मत वेगळं ठेवण्याची पद्धत चांगली आहे. इटलीतल्या कोमो सरोवराकाठच्या व्हिला द’एस्ते स्पर्धेची परंपरा १९२९ पासूनची. तिथला कोप्पा द’ओरो हा सन्मान उपस्थितांच्या मतांवर ठरतो आणि ज्यूरीचा बेस्ट ऑफ शो वेगळा असतो. दोन्ही निकाल कधी जुळतात, कधी नाही. न जुळण्यात काही बिघडत नाही, कारण विचारलेले प्रश्नच दोन आहेत.

परीक्षक एखाद्या स्पर्धकाचा मित्र असेल तर?

असणारच. एखाद्या मॉडेलचे खरे जाणकार थोडे असतात आणि ते सगळे एकमेकांना ओळखतात. ओळख हा दोष नाही. ती लपवणं हा दोष आहे. ज्या गाडीत परीक्षकाचा पैसा, हात किंवा विक्रीचा संबंध आहे, त्या गाडीच्या वर्गात त्यानं बसू नये. नुसती मैत्री असेल तर पथकप्रमुखाला सांगावं आणि त्या गाडीपुरतं बाजूला राहावं. ज्या गॅरेजनं वर्गातली गाडी केली त्याचा मालक त्याच वर्गाचा परीक्षक असणं तर कुणालाच मान्य होऊ नये, मग तो कितीही सज्जन असो. हरलेल्या माणसाला तो सज्जन होता हे कसं कळणार?

प्रायोजकाच्या गाडीबाबतही हाच नियम लावा: ती प्रदर्शनात असू द्या, स्पर्धेत नको.

निकाल पटला नाही तर काय करावं?

गुणपत्रक मागा. एनसीआरएसमध्ये मालकाला भरलेले फॉर्म परत मिळतात, ते पाहून लोक हिवाळाभर काम करतात आणि पुढच्या वेळी गुण वाढवून घेतात. आपल्याकडून कुठे काय राहिलं हे सांगणारा तो कागद ट्रॉफीपेक्षा उपयोगी असतो. शो गुणपत्रक देतच नसेल, तर ते द्यावं म्हणून आयोजकांना लेखी विनंती करा. कारण न सांगता दिलेल्या निकालावर विश्वास ठेवायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

वस्तुस्थितीची चूक असेल, उदाहरणार्थ परीक्षकानं बरोबर भाग चुकीचा ठरवला असेल, तर कारखान्याची पार्ट्स बुक किंवा त्या काळातलं साहित्य दाखवून पथकप्रमुखाशी बोला. परीक्षकाला मैदानावर चारचौघांत गाठू नका. तो बहुतेक वेळा बिनपगारी, स्वतःचा रविवार देऊन आलेला असतो.

विजेत्याच्या गाडीबद्दल कुजबूज करणं हे सगळ्यात वाईट. शंका असेल तर ती पुराव्यासह आयोजकांना सांगा. नसेल तर जा, हात मिळवा आणि तो चुकीचा वाटणारा होज क्लिप त्याला कुठून मिळाला ते विचारा. कदाचित तो बरोबर निघेल.

माझी गाडी अगदी साधी आहे, एकेकाळी प्रत्येक गल्लीत दिसणारी. ती घेऊन यायला संकोच वाटतो.

आणा. प्रत्येक गल्लीत होती म्हणूनच कुणी जपली नाही, आणि म्हणून आज चांगल्या अवस्थेत मिळत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल भरतो, जिथे फक्त अशा सामान्य गाड्यांची स्पर्धा असते. मूळ व्हील कॅप, मूळ सीटचं कापड, डीलरचं स्टिकर, पहिल्या मालकाचं सर्व्हिस बुक, यांवर तिथे माणसं खिळून राहतात. महागड्या गाडीसमोर लोक फोटो काढतात. साध्या गाडीसमोर थांबून ‘आमच्या घरी ही होती’ म्हणतात आणि बोलत राहतात.

गाडीच्या किमतीवरून मालकाची किंमत करणारे लोक शोमध्ये भेटतील. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. मात्र तसंच उलटंही करू नका: महाग गाडीचा मालक म्हणजे हौस नसलेला श्रीमंत, असं गृहीत धरू नका. पेबल बीचमध्ये १९५५ साली १९३१ ची पिअर्स-ॲरो घेऊन शर्यतपटू फिल हिल जिंकला. महायुद्धापूर्वीच्या गाडीनं तिथे मिळवलेला तो पहिला बेस्ट ऑफ शो. पुढे १९६१ मध्ये तो फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला, आणि त्याच पेबल बीचमध्ये वर्षानुवर्षं परीक्षक म्हणून उभा राहिला.

बक्षीस नको, फक्त गाडी दाखवायची आहे. चालेल?

हो. ‘फक्त प्रदर्शनासाठी’ असं नोंदवा आणि फलकावर तसं लिहा, म्हणजे परीक्षकांचा वेळ जात नाही.

दुसऱ्याच्या गाडीला हात लावला तर काय होतं?

अंगठी, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल किंवा पाठीवरची पिशवी, एवढं ओरखड्याला पुरतं. विचारल्याशिवाय लावू नका. लहान मुलाला आत बसायचं असेल तर मालकाला विचारा, बरेच जण आनंदानं बसवतात.

मी पहिल्यांदाच परीक्षक होणार आहे. तयारी काय करू?

पहिल्या वर्षी अनुभवी पथकासोबत नुसते फिरा, गुण देऊ नका. वर्गात कोणत्या गाड्या आहेत ते आठवडाभर आधी मागून घ्या आणि त्यांचे कारखान्याचे कॅटलॉग वाचा. घड्याळ काढून खिशात ठेवा, टॉर्च आणि गुडघ्याखाली घ्यायला कापड न्या. मालकाला आधी नमस्कार करा, नाव सांगा, आणि बॉनेट, डिकी, दारं त्यालाच उघडू द्या. गाडीबद्दल एक मिनिट बोलायला सांगा आणि मधे तोडू नका. गुण कापताना कारण शब्दांत लिहा: ‘वाईट’ असं नको, ‘डाव्या मागच्या दाराची खालची फट रुंद’ असं. गाडीपासून दूर जाईपर्यंत सहकाऱ्याशी तिच्याबद्दल बोलू नका, मालक ऐकत असतो. आणि सकाळच्या पहिल्या दोन गाड्यांचे फॉर्म शेवटी पुन्हा पाहा, कारण दिवस चढत जातो तशी नजर सैल किंवा कडक होते, आणि त्याचा भुर्दंड सगळ्यात आधी उभ्या राहिलेल्या माणसाला पडतो.